तिरंगा की आबांचा नंबर?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी 24 वर्षांची, खराडीला आयटीत नोकरी करते. आम्ही धानोरीला राहतो, मूळ गाव साताऱ्याकडचं. माझे आजोबा, म्हणजे आबा, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून (लष्कराचं इंजिनिअर दल) हवालदार म्हणून पेन्शनवर आले. एकाहत्तरच्या लढाईत ते पश्चिम सीमेवर होते. पप्पाही तिथूनच सुभेदार होऊन रिटायर झाले. गेल्या कार्तिकात आबा घरीच, झोपेत गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आत मला आणि माझ्या भावाला (वय 19, अग्निवीरची तयारी करतोय) दंडावर एकसारखा टॅटू काढायचा आहे. डिझाइन मीच जमवलंय: फडकणारा तिरंगा, त्यावर आबांचं नाव, मध्ये उलटी रायफल आणि हेल्मेट, वर अशोकस्तंभ, खाली ‘शौर्य’. एका स्टुडिओत 15 ऑगस्टची ऑफर पण आहे. मम्मी म्हणते, लग्नाचं बघायचंय, आता हे कशाला. पप्पांना फोनवर डिझाइन दाखवलं तर त्यांनी नीट पाहिलं, फोन परत दिला आणि ‘हे काढायचं नाही’ एवढंच म्हणून उठून गेले. तेव्हापासून विषय काढला की गप्प. तिरंग्याचा टॅटू म्हणजे अपमान होतो का? आणि पप्पांना कसं समजावू? आजी माझ्या बाजूने आहे, तिच्या स्वतःच्या हातावर तुळस गोंदलेली आहे. आबांची काळी ट्रंक, मेडलं, पत्रं सगळं तिच्याकडेच आहे.
– आबांची नात

उत्तर: पप्पांनी डिझाइन नीट पाहिलं आणि मग फोन परत दिला, हे तुझं वाक्य मी पुन्हा वाचलं. ज्याला टॅटूचाच राग असतो तो इतकं बघत बसत नाही. ‘असली थेरं आपल्या घरात नकोत’ म्हणून मोकळा होतो. तुझ्या पप्पांनी त्या चित्रातली एकेक खूण वाचली असणार. फौजेत उभी हयात काढलेल्या माणसाला समोरच्याच्या छातीवरच्या फिती आणि खांद्यावरचे तारे बघून तो कोण, कुठला, काय करून आला हे कळतं. आणि त्या डिझाइनमध्ये त्यांना आबा सापडले नसावेत. हा माझा अंदाज आहे, पण हवेतला नाही. तुझं डिझाइन समोर ठेवूनच बघू.

उलटी रायफल आणि तिच्यावर हेल्मेट. 26 जानेवारी 1972 ला दिल्लीत इंडिया गेटखाली अमर जवान ज्योतीचं उद्घाटन झालं, तेव्हापासून ही खूण आपल्या डोळ्यांत बसली आहे. लढाईत पडलेल्या जवानाची ती खूण. तुझे आबा लढाईतून धडधाकट परत आले, नोकरी पुरी केली, पेन्शन खाल्ली, नातवंडं अंगाखांद्यावर खेळवली आणि घरच्या अंथरुणात गेले. यात कमीपणा कसला? सुरुंग काढणं हे ज्यांचं रोजचं काम, त्यांच्या घरात तर असं जाणं भाग्याचं मानतात. पण दंडावर ती रायफल दिसली की ऑफिसातला कुणीही विचारणार, ‘आजोबा शहीद झाले होते का गं?’ मग दर वेळी तू ‘नाही नाही, तसं नाही’ करत बसणार. आणि पप्पांच्या बरोबरीचे जे खरोखर परत आले नाहीत, त्यांची नावं पप्पांना आजही पाठ असतील. ती खूण त्यांची आहे. आपल्या वडिलांच्या नावावर ती लावणं त्यांना कसं रुचावं?

अशोकस्तंभाचंही तसंच. आबांच्या बाहीवर हवालदाराच्या तीन फिती होत्या. पप्पांच्या खांद्यावर सुभेदाराचे दोन तारे आणि पट्टी. तिथे अशोकस्तंभ येतो तो सुभेदार मेजर झाल्यावर, नाहीतर अफसरांमध्ये मेजर हुद्द्यापासून. (साताऱ्याकडे पेन्शनवर आलेल्या प्रत्येक जवानाला गाव ‘मेजर’च म्हणतं, तो भाग वेगळा.) म्हणजे बापलेकांनी मिळून जितकी वर्षं नोकरी केली, त्यात जे चिन्ह दोघांच्याही खांद्यावर आलं नाही ते तू थेट स्वतःच्या दंडावर चढवते आहेस. शिवाय राजचिन्ह कोणी आणि कुठे वापरायचं हे 2005 चा कायदा आणि 2007 चे नियम ठरवतात. त्या यादीत तू नाहीस, मीही नाही. त्यामुळे अशोकस्तंभाला सरळ काट मार. यात मला दुमत दिसत नाही.

आता तिरंगा. हा तुझा खरा प्रश्न आणि त्याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही. राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध कायदा 1971 चा. त्यात टॅटू हा शब्द कुठेही नाही. पण राष्ट्रध्वज म्हणजे काय, याची व्याख्या फार ऐसपैस आहे. ध्वजाचं चित्र, रेखाटन, छायाचित्र, कशावरही दाखवलेली त्याची दिसणारी प्रतिमा, इतकंच काय ध्वजाचा एखादा भागसुद्धा त्यात येतो. पुढे अपमान कशाकशाला म्हणायचं याची जंत्री आहे. कमरेखालच्या कपड्यावर ध्वज चालत नाही. केशरी पट्टा मुद्दाम खाली करून दाखवायचा नाही. आणि ध्वजावर कोणत्याही प्रकारचा मजकूर लिहायचा नाही. या शेवटच्या वाक्यावर थांब, कारण तुझ्या डिझाइनमध्ये तिरंग्यावर आबांचं नाव आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्षात दंडावर तिरंगा काढलेली मुलं-मुली पुण्यात पुष्कळ दिसतात आणि त्यांच्यामागे कुणी हात धुऊन लागत नाही. कमरेच्या वर, केशरी वर, त्यावर अक्षर नाही, असा कुणी श्रद्धेने काढला तर मी त्याला अपमान म्हणणार नाही. फक्त नाव त्यावर नको.

तरीही तू तिरंगा काढू नयेस असं मला वाटतं, आणि त्याचं कारण कायदा नाही. एक तर तो कातडीवर नीट उतरत नाही. अशोकचक्राला 24 आरे असतात. दीड-दोन इंचांच्या झेंड्यात ते चक्र किती उरतं? करंगळीच्या नखाएवढं. शाई त्वचेच्या आतल्या थरात राहते आणि वर्षागणिक थोडी थोडी पसरते. बारीक आरे एकमेकांत मिसळून चक्राच्या जागी निळा ठिपका शिल्लक राहतो. पांढरा रंग आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर काही वर्षांत पिवळट पडतो, नाहीतर दिसेनासा होतो. केशरीही काळ्याइतका टिकत नाही. म्हणजे तू चाळिशीला येशील तेव्हा दंडावर विटका झेंडा. खऱ्या कापडाचा झेंडा विटला तर तो सन्मानाने उतरवता येतो, हा कसा उतरवणार?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिरंगा माझाही आहे, तुझ्या स्टुडिओवाल्याचाही आहे, 15 ऑगस्टला सिग्नलवर तो विकणाऱ्या पोराचाही आहे. तो पाहून तुझ्या आबांबद्दल काहीच कळत नाही. ‘शौर्य’चंही तेच. ते चांगलंच आहे, पण कुणालाही लागू पडतं. तुला मान द्यायचाय एका माणसाला. एका सॅपरला. पूल बांधणं, रस्ता मोकळा करणं, इतरांच्या आधी पुढे जाऊन सुरुंग शोधणं हे या लोकांचं काम. 1948 मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देणारे रामा राघोबा राणे याच बॉम्बे सॅपर्सचे, जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेल्या पहिल्या काहींपैकी. तिथे काम काय असतं हे पप्पांना विचार. गप्प बसलेला माणूस या विषयावर बोलायला लागतो की नाही बघ.

म्हणून पप्पांना ‘समजावू’ नकोस. परवानगीही मागू नकोस सध्या. एखाद्या रविवारी आजीला सांगून ती काळी ट्रंक बाहेर काढायला लाव आणि पप्पांना म्हण, ‘यातलं काय काय आहे ते मला सांगा.’ एवढंच. टॅटूचा ट सुद्धा काढायचा नाही. फोन हातात धरायचा नाही. पप्पा एखादी वस्तू उचलून ठेवून देतील, एखादीवर तासभर बोलतील. ते तू ऐकायचं.

आणि तुझं डिझाइन त्या ट्रंकेतच आहे, खरं तर ट्रंकेवरच. फौजी घरातली कोणतीही काळी ट्रंक बघ, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, हुद्दा, नाव लिहिलेलं असतं. कधी पेंटरने, कधी स्वतः. कुठे आकडा मोठा झालाय, कुठे शेवटचं अक्षर जागा न उरल्यामुळे कोपऱ्यात दाबून बसवलंय. हुद्दा वाढला की जुनं अक्षर काळ्या रंगाने पुसून वर नवं लिहायचं, ते खालचं तिरप्या उजेडात अजून दिसतं. बदलीगणिक स्टेशन बदलत गेलेलं असतं. तो नंबर आबांच्या आयुष्यभर त्यांच्याबरोबर होता. हजेरीला, पगाराला, पत्रावर, आणि शेवटी पेन्शनच्या कागदावर. तो दुसऱ्या कुणाचाही असू शकत नाही. आप्पा बळवंत चौकातून ट्रेसिंग पेपर आण, झाकणावर ठेव आणि पेन्सिलीने जसाच्या तसा उतरवून घे. वाकडा आकडा सरळ करायला जाऊ नकोस. तो वाकडा आकडाच हवा.

ट्रंकेवरचा रंग उडून गेला असेल तर मेडलं बघ. एकाहत्तरला फौजेत असलेल्यांना संग्राम मेडल मिळालं, पश्चिम आघाडीवर होते त्यांना पश्चिमी स्टार. गोल मेडलची कडा उजेडात तिरपी धरलीस तर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, तेव्हाचा हुद्दा आणि नाव ठोकलेलं सापडेल. हुद्दा हवालदाराच्या खालचा निघाला तर गोंधळू नकोस, एकाहत्तरला आबा तरुण होते. मेडलचं चित्र किंवा फितीचे रंग मात्र अंगावर नकोत. ती त्यांची कमाई, ती मेडलवरच राहू दे.

आणि पत्रं. ‘56 एपीओ’ असा लष्करी पोस्ट ऑफिसचा पत्ता लिहिलेली अंतर्देशीय पत्रं असतील, तर त्यांच्या शेवटी आबांनी सही कशी केली आहे ते बघ. पत्र आजीला असेल तर आधी तिला विचार, सगळीच पत्रं नातीने वाचायची नसतात. पण आबांच्या हातची एक सही, किंवा नुसतं ‘खुशाल आहे’, हे मला तुझ्या ‘शौर्य’पेक्षा हजारपट आवडेल.

आता भाऊ. त्याला काही काढायचं नाही, आत्ता अजिबात नाही. सैन्यभरतीच्या जाहिरातीत कायमच्या टॅटूबद्दल स्पष्ट लिहिलेलं असतं: कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू, आणि पंजाची मागची बाजू, एवढ्याच जागी चालतो. बाकी शरीरावर कुठेही असेल तर उमेदवार बाद. आदिवासी समाजाच्या परंपरागत गोंदणापुरती सवलत आहे, ती तुम्हाला लागू नाही. तुझं डिझाइन दंडावर, म्हणजे तो सोळाशे मीटर कितीही भन्नाट पळाला तरी मेडिकलला घरी येणार, तेही आजोबांच्या फौजेसाठी काढलेल्या टॅटूमुळे. ‘मग हाताच्या आतल्या बाजूला काढतो’ असं तो लगेच म्हणेल. नको. नियमात बसत असलं तरी भरतीच्या तोंडावर नसती शंका कशाला ओढवून घ्यायची? भरती होऊ दे, ट्रेनिंग संपू दे, मग तिथले नियम विचारून ठरवू दे. लेझरने काढू म्हणशील तर त्याला महिनोन्महिने बऱ्याच बैठका लागतात, खर्च येतो आणि वण राहू शकतो. कदाचित पप्पांच्या नकारात हे कारणही असेल आणि मुलाच्या भरतीबद्दल अशुभ बोलायला नको म्हणून त्यांनी ते मनातच ठेवलं असेल.

एकसारखा टॅटू राहिला, तर राहिला. तू एकटी काढ.

स्टुडिओबद्दल थोडं. 15 ऑगस्टला जाऊ नकोस. ऑफरच्या दिवशी रांग असते, आर्टिस्टला पुढच्या गिऱ्हाइकाची घाई असते आणि तुझं काम घाईचं नाही. आधी नुसतं बघायला जा. सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडतात का, शाई दर वेळी नव्या टोपणात काढतात का, हातमोजे घालून मधेच फोन उचलतात का, हे दहा मिनिटांत कळतं. शिळ्या सुईतून कावीळ बी, सी आणि एचआयव्ही येऊ शकतो, तिथे संकोच करायचा नाही. दंडावरचा लहानपणच्या बीसीजीचा वण बघ. तो फुगीर, वाढलेला असेल तर तुझी त्वचा जखम झाली की गाठ धरते, मग आधी त्वचारोगतज्ज्ञाला भेट. रंग फक्त काळा घे. ॲलर्जी सगळ्यात जास्त लाल शाईची होते आणि ट्रंकेवरच्या अक्षरांना रंगांची गरजही नाही.

मराठी अक्षरं घालणार असशील तर एक नक्की कर. फोनवर टाइप करून पाठवलेला मजकूर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळदा फुटतो. रफार भलत्याच अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षराचा पाय मोडून हलन्त उघडा पडतो. आर्टिस्टला मराठी वाचता येत नसेल तर तो तेच इमानेइतबारे कोरणार. ट्रेसिंग पेपर दिलास तर हा घोळच नाही. त्वचेवर जांभळं स्टेन्सिल उमटलं की फोटो काढून घरी पाठव आणि आकडा न् आकडा ट्रंकेशी ताडून घे. स्टेन्सिल उभं राहून, हात सैल सोडून लावून घे. टेबलावर हात ठेवून तुला सरळ दिसतं ते उभं राहिल्यावर दुसऱ्याला उलटं दिसतं. आकडे अर्ध्या इंचाहून लहान नकोत. नंतर दोन-तीन आठवडे पोहणं बंद, ऊन बंद, खपली काढायची नाही. बाकी आर्टिस्ट सांगेल.

आर्टिस्टला फक्त ट्रेसिंग दाखव. डिस्चार्ज बुक किंवा पीपीओचा (पेन्शनच्या आदेशाचा) फोटो पाठवू नकोस आणि इन्स्टावर तर नकोच. आजीची फॅमिली पेन्शन त्याच कागदांवर चालते. तिच्या नावाने उद्या कुणी ‘पेन्शन ऑफिसमधून बोलतोय, ओटीपी सांगा’ म्हणाला आणि त्याच्याकडे खरा नंबर असला, तर ती विश्वास ठेवेल.

मम्मीच्या काळजीत फारसा दम नाही, तुलाही ते माहीत आहे. आजोबांचा फौजेतला नंबर हातावर आहे म्हणून नकार देणारं स्थळ परस्पर गेलेलं बरं. पण हे तिला माझ्या नावाने ऐकवू नकोस. तिला एवढंच सांग की तिरंगा-रायफल रद्द झाली आणि आता नुसते आकडे आहेत. निम्मी काळजी तिथेच जाईल.

आजीबद्दल मात्र मला तुझ्याशी थोडं भांडायचं आहे. ती तुझ्या बाजूने आहे असं एका वाक्यात लिहून तू पुढे गेलीस. आबा सीमेवर होते तेव्हा गावाकडे शेत, सासू-सासरे, लहानगे पप्पा हे सगळं कोण बघत होतं? महिन्याची मनीऑर्डर आणि 56 एपीओचं पत्र याच्या भरवशावर तिने संसार ओढला. तुझ्या डिझाइनमध्ये रायफलला जागा आहे, आजीला नाही. तिच्या हातावरची तुळस नीट बघितली आहेस कधी? कुठल्या जत्रेत गोंदवली, किती वय होतं, कोण बरोबर होतं, विचार तिला. तिची परवानगी असेल तर त्या तुळशीचं एक रोप आबांच्या नंबरच्या शेजारी येऊ दे, तिच्या हातावर जसं पसरट झालंय तसंच. याला पप्पा काय म्हणतात ते मला कळव. माझी पैज आहे की यावर ते उठून जाणार नाहीत.

गेलेच तर वर्षश्राद्ध होऊन जाऊ दे. ती तारीख तू ठरवलेली आहे, आबांनी नाही. त्यांच्या मुलाला दुखवून त्यांच्या नावाचा टॅटू काढण्यात काही अर्थ नाही, पण त्याने कधीच हो म्हटलं नाही तर आयुष्यभर थांबावं असंही मी म्हणणार नाही. तू 24 वर्षांची आहेस, हात तुझा आहे. दिवाळीनंतर एकदा ट्रेसिंग पेपर पप्पांसमोर ठेव, कुठला आकडा चुकलाय का विचार, आणि मग काय ते ठरव.

आणि रक्तदान करत असशील तर सुईच्या आधी करून घे. टॅटूनंतर 12 महिने रक्तपेढी तुला परत पाठवेल. त्या वर्षात पप्पांच्या ओळखीतल्या कुणाला कमांड हॉस्पिटलमध्ये रक्त लागलं, तर भावाला पाठव. त्याचा दंड कोराच असेल.